सवलतीतला सिंथेसायझर

सवलत संपायला दोन दिवस उरले आहेत आणि भौतिकशास्त्राच्या त्या विद्यार्थिनीचा निर्णय होत नाही. संगणकावरील मॉड्युलर सिंथेसायझर निम्म्या किमतीत मिळतो आहे. मात्र ती निम्मी किंमतही तिच्या मेसच्या मासिक बिलाएवढी आहे.

हा ध्यास लागला अहमदाबादमुळे. तेथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर उभारला. गीता साराभाई, अतुल देसाई आदींनी त्यावर ध्वनिरचना केल्या. तारा जोडून नाद घडवण्याची ती रीत आता पडद्यावर आली आहे. विद्युतदाब एक व्होल्टने वाढला की स्वर एक सप्तक चढतो, हा मूगचा नियमही तोच.

फरक आहे तो गणनेत. करवतीच्या दात्यांसारख्या तरंगात मूळ वारंवारतेच्या पटीतले सगळे उपस्वर असतात. सेकंदाला ४४,१०० नमुने हाताळणाऱ्या संगणकाला २२,०५० हर्ट्झपलीकडचे उपस्वर मांडता येत नाहीत. प्रोग्रॅमने ते आधीच रोखले नाहीत, तर ते दुमडून खाली येतात आणि बेसूर होतात. जाहिरातीतल्या चकचकीत बटणांवरून हे कसे कळावे?

तिने चाचणी आवृत्तीत असा तरंग घेऊन स्वर सावकाश चढवला. वरच्या सप्तकात एक बारीक शीळ उलटी, खाली उतरताना ऐकू आली. मग व्हीसीव्ही रॅक या मुक्तस्रोत प्रोग्रॅमची मोफत आवृत्ती उतरवून तीच कसोटी लावली. तिथे शीळ जवळजवळ नव्हतीच. अन्य संगीत-प्रोग्रॅममध्ये प्लगइन म्हणून वापरण्यासाठी त्याची विकत आवृत्ती लागते; तिला तूर्त ती गरज नाही.

मेसचे पैसे तिने भरले.