इतर सामान – 9 नग

"ऑब्झर्वेशन टेबलमधला एकही रकाना मोघम भरायचा नाही!" आमचे लॅबचे सर कानीकपाळी ओरडतात आणि आपण निवांतपणे मागच्या बॅचच्या जर्नलमधून रीडिंग उतरवतो. मीही त्यातलाच. पण मित्रांनो, अशाच एका मोघम रकान्याने माझ्या घरच्यांना रडकुंडीला आणलं. ती ही गोष्ट.

बाबांची बदली पुण्याहून आमच्या गावाला, सुरगाण्याला झाली. आनंदच होता, पण गावच्या घराचं छप्पर दुरुस्तीला काढलेलं. सुरगाण्याचा पाऊस ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो, जूनमध्ये तसल्या घरात सामान नेणं म्हणजे ते ओढ्यात ठेवण्यासारखंच. म्हणून चार महिन्यांसाठी सामान पुण्यातल्या एका कंपनीच्या गोदामात ठेवलं.

सामान भरायच्या दिवशी यादी लिहायचं काम घरातल्या 'इंजिनिअरसाहेबां'कडे आलं. मला संध्याकाळी हॉस्टेल गाठायचं होतं, दुसऱ्या दिवशी सबमिशन. फ्रिज 1, कपाट 1, पलंग 2 इथपर्यंत नीट लिहिलं आणि मग कंटाळून ठोकून दिलं, 'इतर सामान – 9 नग'. खाली सही. माझीच!

दिवाळीच्या तोंडावर सामान मागवलं तर कंपनी म्हणाली, "घाटरस्ता, दुर्गम भाग, 6,500 रुपये जादा भरा. नाहीतर गोदामाचं भाडं चालूच." आपलं गाव इतकं दुर्गम आहे हे आम्हाला तेव्हा कळलं! करारात त्याचा उल्लेख नव्हता. बाबांनी पैसे भरले, पण 'ही रक्कम मान्य नाही' असा ईमेल आधी पाठवला.

ट्रक आला. गाद्यांना कुबट वास, कपाटाला तळाशी गंज. आणि आईच्या शिलाई मशीनचं नुसतं स्टँड! वरचं मशीन गायब. याच मशीनवर ब्लाऊज शिवून आईने माझं दोन वर्षांचं मेसबिल भागवलंय. ड्रायव्हर 'सामान व्यवस्थित मिळाले' यावर सही मागत होता. बाबांनी त्याच कागदावर मशीन नाही, गाद्या ओल्या, असं लिहूनच सही केली.

फोन केला तर उत्तर तयार होतं : "यादीत शिलाई मशीन कुठंय?"

मी गप्प. आई काहीच बोलली नाही, त्याचंच जास्त लागलं. थोड्या वेळाने ती बिस्किटांचा जुना डबा घेऊन आली. त्यात मशीनचं पिवळं पडलेलं बिल, त्यावर मशीनचा नंबर! शिवाय सामान भरताना धाकटीने गंमत म्हणून काढलेल्या फोटोत टेम्पोत अख्खं मशीन दिसत होतं.

सुट्टी संपवून हॉस्टेलला आलो. आमच्या लायब्ररीतल्या सरांनी ग्राहक कायद्याचं पुस्तक पुढे ठेवलं. पैसे घेऊन सामान सांभाळणाऱ्याने ते स्वतःच्या वस्तूसारखं जपायचं असतं, हे 1872 च्या करार कायद्यातच आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. कंपनी पुण्याची असली तरी आम्हाला नाशिकचा आयोग चालणार होता. मुदत दोन वर्षं. सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. त्याआधी 1915 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

त्या रात्री मी आयुष्यातलं पहिलं प्रामाणिक ऑब्झर्वेशन टेबल बनवलं : वस्तू, देतानाची स्थिती, मिळतानाची स्थिती, पुरावा, मागणी. शिव्या शून्य, तारखा सगळ्या. पंधरा दिवसांत उत्तर द्या, नाहीतर आयोगात येतो, असं लिहून बाबांच्या सहीने स्पीड पोस्टाने धाडलं. 1915 वरही नोंद केली.

बाराव्या दिवशी फोन आला. मशीन 'सापडलं', दुसऱ्याच कुणाच्या सामानात गेलं होतं म्हणे! जादा घेतलेले 6,500 परत आणि कपाटाच्या रंगाचा खर्च देतो म्हणाले. गाद्यांचे मात्र काही मिळाले नाहीत. त्यासाठी भांडायचं की सोडायचं? "कापूस पिंजून घेऊ," आई म्हणाली आणि विषय संपला.

मशीन घेऊन आलेल्या माणसाने तडजोडीचा कागद पुढे केला. बाबांनी पेन काढलं. आई म्हणाली, "थांबा." मशीनचा नंबर बिलाशी ताडून पाहिला, मशीन स्टँडवर बसवलं, दोरा ओवला, एका चिंधीवर सरळ टीप मारली. मग म्हणाली, "आता करा सही."

चार वर्षं इंजिनिअरिंग करून मी जे शिकलो नाही, ते आई बिस्किटाच्या डब्यात सांभाळून होती. तेव्हा मित्रांनो, जूनमध्ये खोली सोडताना ट्रंका कुणाकडे ठेवाल, तेव्हा यादी नीट करा. 'इतर' या रकान्यात कुणाची तरी आई राबलेली असते!