सीतेची वेणी

गेल्या ज्येष्ठात मामाच्या गावी, साल्हेरच्या पायथ्याशी, वादळात आंब्याची एक मोठी फांदी मोडून पडली. सगळे कैऱ्या वेचायला धावले. माझे लक्ष मात्र फांदीच्या बेचक्यात चिकटून बसलेल्या एका झाडाकडे गेले. पन्हळीसारखी जाड पाने आणि त्यांतून खाली लोंबणारा गुलाबी-पांढऱ्या फुलांचा वीतभर तुरा! "ही सीतेची वेणी," आजी म्हणाली. दूर आसामात याच फुलाला कोपौ म्हणतात आणि बिहूच्या नाचात मुली ते केसांत माळतात, हे मला पुढे वाचनातून कळले.

ओल्या गोणपाटात गुंडाळून, एस.टी.त मांडीवर घेऊन मी ते सटाण्याला आणले. आणि मग त्याचे जे केले, ते आठवले की आजही लाज वाटते. तेलाच्या डब्यात मळ्यातली काळी माती भरली, शेणखत घातले, सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी दिले. शेजारच्या काकूंनी सांगितले म्हणून तांदळाचे धुवण आणि ताकही ओतले. वीस दिवसांत पाने पिवळी पडली. डब्याला वास येऊ लागला.

"हाई बांडगूळ शे व, फेकी दे," नाना म्हणाले. त्यांचा राग मला समजत होता. तीन वर्षांपूर्वी तेल्याने गेलेली डाळिंबाची तीनशे झाडे त्यांनी स्वतःच्या हाताने उपटली होती. ज्याने जे औषध सांगितले ते सारे करून झाले होते. तेव्हापासून आमच्या घरात झाडाच्या औषधाचे नाव काढायची सोय नव्हती.

मी कला शाखेची. घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. वनस्पतिशास्त्राच्या सरांकडे जाताना वाटले, आपल्याला तिथे कोण विचारणार? पण सरांनी डबा उलटा केला, मुळ्या बोटांनी दाबून पाहिल्या आणि म्हणाले, "अगं, तू त्याला बुडवलंस!" ही आमरी आंब्यावर राहते, पण बांडगुळासारखा त्याचा रस शोषत नाही. तिच्या मुळांवर स्पंजासारखे पांढरे आवरण असते. ते पावसाचे पाणी टिपते, ओले झाले की हिरवट दिसते आणि पुन्हा वाळते. मातीत ते वाळणार कसे?

घरी येऊन चाकू चुलीवर तापवला. मऊ पडलेल्या मुळ्या कापल्या. टणक अशा चारच उरल्या. कापल्या जागी आईच्या मसाल्याच्या डब्यातली दालचिनीची पूड लावली. दालचिनीने बुरशी आवरते, जखम सुकते, इतकेच. मेलेले मूळ तिने परत येत नाही. तीसुद्धा जिवंत मुळावर सांडू द्यायची नाही, हे सरांनी बजावले होते. खरा उपाय होता तो पाणी तोडण्याचा.

नाना ओट्यावरून हे सारे पाहत होते. पाण्याने मुळ्या सडल्या म्हटल्यावर म्हणाले, "डाळिंबनं बी आसंच शे. पानी तुंबनं का मुळ्या सडतस." दुसऱ्या दिवशी सरपणातले आंब्याचे लाकूड त्यांनीच शोधून काढले, त्यावर नारळाच्या शेंड्या पसरून झाड सुतळीने बांधले आणि पडवीत सावलीला टांगले.

दोन पाने गळली. श्रावण असाच गेला. नवरात्रात एका सकाळी खोडाच्या बुडाशी पांढरे टोक दिसले, तांदळाच्या दाण्याएवढे, पुढे हिरवा ठिपका असलेले. मी आईला हाक मारली.

फूल यायचे तर ज्येष्ठाच्या सुमारास येईल, कदाचित यंदा येणारही नाही. काल कॉलेजला निघताना मी पाण्याचा तांब्या उचलला, तर मळ्यात निघालेले नाना लाकडाला बोट लावून म्हणाले, "आज नको देऊ. आजून ओलं शे."