घरांतील पांढरी धूळ

घराची डागडुजी काढणें म्हणजे घरांतील सर्व मंडळींच्या स्वभावाची परीक्षा घेणेंच होय, हें ज्यांनीं ती काढली असेल त्यांस सांगावयास नको. आमच्या पुण्यांतील जुन्या घरांत गेल्या उन्हाळ्यांत विजेच्या तारा नव्यानें भिंतींत घालावयाच्या होत्या, व मग पुट्टी लावून रंग द्यावयाचा होता. कुटुंब एकत्र, माणसें अकरा. सर्वांनीं जावें कोठें? तेव्हां एकेक खोली मोकळी करून काम करावें असा बेत ठरला. पुस्तकांच्या कपाटांवर चादरी टाकल्या, देवघराच्या दारावर ओलें धोतर बांधलें, आणि आपण मोठी दक्षता घेतली या समाधानांत आम्ही राहिलों.

पहिल्याच दिवशीं कारागिरानें ग्राइंडर लावून भिंतीला झिऱ्या पाडावयास आरंभ केला, आणि पांच मिनिटांत समोरचा माणूस दिसेनासा झाला. पुढील खोलींत पुट्टी घासण्याचें यंत्र सुरू झालें. ती धूळ तर गिरणीच्या पिठाहूनही बारीक! चादरीखालच्या पुस्तकांवर ती होती, झांकलेल्या दुधाच्या सायीवर होती, देवांच्या मुखावरही होती. आमच्या वडील काकूंस दम्याची व्यथा आहे. तिसरी रात्र त्यांनीं उशांना टेकून बसूनच काढली.

ठेकेदारास बोलावलें तेव्हां तो म्हणाला, “साहेब, काम म्हटलं की धूळ होणारच. संध्याकाळी झाडून देतो.” झाडून देणें म्हणजे खालीं बसलेली धूळ पुनः वर उडविणें, हें त्यास पटेना. खरें सांगावयाचें तर आम्हांसही तें नुकतेंच कळलें होतें. यांतील अतिसूक्ष्म कण डोळ्यांस दिसत नाहींत, कित्येक तास हवेंत तरंगत राहतात, आणि छातींत खोल जातात तेही हेच. आम्हीं हौसेनें घरांतील झाडलोटीचें व्हॅक्यूम यंत्र लावून पाहिलें. दहा मिनिटांत त्याची पिशवी चोंदली, व जी सर्वांत बारीक धूळ ती मागील झरोक्यांतून खोलींतच परत येऊं लागली.

त्या रात्रीं काकू म्हणाल्या, “मला तीन दिवसांत हें झालं. तो मुलगा रोज तोंडाला रुमाल बांधून त्यांतच उभा असतो, त्याचं काय?” पुस्तकें झांकलीं, देव झांकले, पण त्या वीस-बावीस वर्षांच्या मुलाचा विचार अकरा माणसांत एकालाही सुचला नव्हता.

पुतण्यानें मग वाचून सांगितलें तें असें. पुट्टींत पांढरें सिमेंट व दगडाची भुकटी असते. तिनें घसा व छाती खवळते. परंतु वीट आणि गिलावा कापला असतां स्फटिकरूप सिलिकेची जी धूळ उडते, ती अधिक घातक. तिनें जडणारा सिलिकोसिस एकदां फुप्फुसांत बसला कीं बरा होत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें १९९७ सालीं ही धूळ कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या वर्गांत घातली. अमेरिकेच्या २०१६ सालच्या नियमाप्रमाणें आठ तासांच्या पाळींत हवेच्या एका घनमीटरांत तिचें सरासरी प्रमाण ५० मायक्रोग्रॅमहून अधिक असूं नये. रुमालाचा येथें कांहींच उपयोग नाहीं.

शेवटीं आम्हीं चाकांचें, एका माणसास जिन्यानें वर नेतां येईल असें धूळ ओढण्याचें यंत्र आणविलें. त्याची युक्ती साधी आहे. ग्राइंडरच्या चकतीभोंवतीं एक टोपण बसतें व त्यास जाड नळी जोडलेली असते. घासण्याच्या यंत्राच्या कागदालाच भोकें असतात. धूळ उडण्यापूर्वींच नळींत ओढली जाते. वाटेंत एक निमुळतें पिंप लागतें. त्यांत हवा भोंवऱ्यासारखी फिरते, जड कण कडेला फेकले जाऊन तळाशीं बसतात, व हवा मधल्या नळीनें वर निघते. लाकूड कापण्याच्या गिरण्यांत ही युक्ती पूर्वींपासून होती. इंग्लंडांतील जेम्स डायसन यांनीं १९७८ सालीं तीच घरगुती यंत्रांत आणावयाचें मनावर घेतलें व त्यापायीं ५,१२७ नमुने केले. आम्हीं दुसऱ्यालाच हात टेकले असते! पिंपांतूनही जी धूळ निसटते तिला शेवटीं हेपा गाळणी अडविते. ०.३ मायक्रॉनचे कणही ती शेंकडा ९९.९७ धरून ठेवते. पिंप नसेल तर ही महागडी गाळणी पुट्टीच्या पिठानें तेव्हांच चोंदावयाची.

ठेकेदार कुरकुरला कीं नळी पायांत येते, वेळ लागतो. थोडा लागलाही. कोपऱ्यांत तें टोपण नीट टेकत नाहीं, तेथें धूळ उडेच. म्हणून त्या मुलास एन-९५ मुखपट्टीही दिली. संध्याकाळीं पिंप उघडलें तों तळाशीं पावणेतीन किलो पांढरें पीठ! काकू बराच वेळ त्याकडे पाहत राहिल्या. त्या रात्रीं त्या आडव्या होऊन झोंपल्या.

दिवाळीपूर्वीं तो मुलगा एकटाच आला. “काकू, येरवड्याला एका घराचं काम माझं मला मिळालंय. आठ दिवस तें पिंप द्याल का?” काकूंनीं आम्हांस विचारलेंसुद्धां नाहीं. त्या आठ दिवसांचे आतां दोन महिने झाले. परवां त्याचा फोन आला. तो यंत्र परत आणतों हें सांगावयास नव्हे, तर नवी गाळणी कोठें मिळते तें विचारावयास.