मूठभर देणाऱ्यांची वर्गणी

आज उंब्रजात आमच्या सेवा मंडळाची आठवड्याची बैठक झाली. खजिनदारांनी पावतीपुस्तक उघडलं. शंभराच्या पावत्या भरपूर, हजाराच्या मोजक्याच. कुणी म्हणालं, एखादा मोठा देणगीदार गाठू. मला कर्मवीर भाऊराव पाटील आठवले. आपल्याच कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या मुलांसाठी घरोघरचं मूठमूठ धान्य गोळा केलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तर त्यासाठी अंगावरचे दागिने मोडले. घासातला घास काढून देणारा माणूस ते काम आपलं मानतो, म्हणूनच संस्था टिकते. तेव्हा दहा रुपये देणाऱ्यालाही पावती द्या आणि त्या पैशाचं काय झालं, हे त्याच्या दारी जाऊन सांगा.