परसातली शेड

इंग्लंडमध्ये घर घेतलं की मागच्या अंगणातली लाकडी शेड बहुधा त्याच्यासोबत पदरात पडते. आमच्या लीड्सच्या घरामागे अशी एक होती: १० फूट लांब, ८ फूट रुंद, बोटभरही जाड नसलेल्या फळ्यांची. गवत कापायचं यंत्र, रंगाचे अर्धे डबे आणि आधीच्या मालकाच्या कुंड्या, एवढा तिचा संसार. तो बाहेर काढून मी तिथे बाराही महिने बसता येईल अशी खोली केली.

मी दुभाषी आहे. डॉक्टर इंग्रजीत बोलतात, पेशंट मराठीत किंवा हिंदीत, आणि फोनवर मध्ये मी. या कामात ‘डॉक्टर असं म्हणतात’ असं म्हणायची मुभा नसते. जो बोलतो त्याच्याच तोंडानं बोलायचं. पेशंटची धाप माझ्या इंग्रजीत ‘मला’ लागते, आणि डॉक्टरांचं निदान माझ्या मराठीत ‘तुमचं’ होतं.

आई कराडहून आमच्याकडे राहायला आली तेव्हा माझी कामाची खोली तिची झाली आणि टेबल शेजारच्या बेडरूममध्ये गेलं. इथल्या आतल्या भिंती म्हणजे लाकडी चौकटीवर ठोकलेले जिप्समचे तक्ते. एका दुपारी फोन ठेवून बाहेर आले, तर आई पलंगावर हात जोडून बसलेली. म्हणाली, “आधी सांगायचंस ग मला. किती दिवस आहेत?”

दिवसभर घरात आम्ही दोघीच. मराठीत ‘तुमची गाठ’ असं मी तिच्याशिवाय कोणाला म्हणणार? दुसऱ्या कोणाचं तरी आहे म्हणून सांगितलं. कोणाचं ते सांगता येत नाही. तिनं मान हलवली. पण त्यानंतर माझा फोन वाजला की ती टीव्ही बंद करायची.

म्हणून शेड. थंडी आत येऊ नये, यासाठी दुकानात चंदेरी कागद लावलेले फोमचे तक्ते मिळतात. तेवढ्याच जाडीत ते लोकरीपेक्षा जास्त ऊब धरतात, पण हलके असल्यामुळे आवाज फारसा अडवत नाहीत. मी दगड वितळवून काढलेली खनिज लोकर घेतली. मूळ चौकट दोनच इंचांची, तिच्यावर आणखी दोन इंचांच्या पट्ट्या ठोकल्या. बाहेरच्या फळीमागे इंचभर पोकळी, मग वाफ बाहेर सोडणारा पडदा, तीन इंच लोकर, त्यावर प्लॅस्टिक आणि शेवटी जिप्समचे दुहेरी तक्ते. प्लॅस्टिक उबेच्या बाजूलाच हवं. बोलणारं माणूस वाफही सोडत असतं; ती लोकरीतून जाऊन गार फळीला भिडली की तिचं पाणी होतं, लोकर भिजते आणि लाकूड कुजतं. म्हणून प्रत्येक सांध्यावर चिकटपट्टी.

आई खुर्ची टाकून बघत होती. आयुष्यभर जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवलेली बाई. मी लोकर कोंबायला लागले तशी म्हणाली, “दाबू नकोस. दबली की ऊब गेली.” लोकरीच्या वेष्टणावरही तेच छापलेलं होतं, फक्त लांबलचक इंग्रजीत.

रोआल्ड डालच्या ग्रेट मिसेंडनच्या लिहायच्या झोपडीत भिंतींना आतून थर्माकोल लावलेलं होतं, तरी तो पाय स्लीपिंग बॅगेत घालून बसायचा. बर्नार्ड शॉची झोपडी तर उन्हामागे फिरवता यायची. हेवा वाटतो. त्यांचं बोलणं कोणाच्या कानावर गेलं असतं तरी काही बिघडणार नव्हतं.

सगळ्यात छळलं ते हवेनं. खोली हवाबंद केली की तासाभरात डोकं जड होतं, आणि हवेला ठेवलेली वाट आवाजालाही चालते. शेवटी झरोक्यावर नागमोडी वाटेची लाकडी पेटी बसवली, आतून लोकर लावून. दाराला रबराची पट्टी. वीज परवानाधारक माणसाकडून घेतली. तिथे काटकसर नको.

मग परीक्षा. आई कानटोपी घालून गवतावर उभी राहिली आणि मी आत एकोणतीसचा पाढा म्हटला. बाहेरून ओरडली, “येतंय ऐकू! पण काय ते कळत नाही.”

तेवढं पुरे होतं.

आता फोन वाजला तरी टीव्ही चालू असतो. पण जेवायच्या सुमाराला आई स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन थांबते, आणि मी शेडचं दार उघडलं की तिथूनच माझ्या चेहऱ्याकडे बघते. त्यामुळे काही फोन संपल्यावर मी लगेच निघत नाही. टिपणं फाडते, हीटर बंद करते. ऊब अजून बराच वेळ टिकते; ती असेपर्यंत आतच बसते.