टू पॉइंट एट

पाथरीत लग्नाचे फोटो काढणाऱ्याला हवा तसा उजेड क्वचितच मिळतो. दुपारी मांडवाबाहेर डोळे दिपतात, आणि गोरज मुहूर्ताला कार्यालयात शिरलं की स्टेजवरचे जांभळे-हिरवे एलईडी सोडले तर सगळा अंधारच. माझ्या सोनी ए-सेव्हन-थ्रीबरोबर आलेल्या २८-७० किट लेन्सवर मी कितीतरी लग्नं काढली. पण ती ७०वर नेली की अपर्चर ५.६च्या खाली उतरत नाही. मग आयएसओ ६४००वर न्यावा लागतो आणि नवरीच्या गालावर हळदीऐवजी दाणे दिसतात. म्हणून लग्नसराईच्या तोंडावर टॅमरॉनची २८-७५ घेतली, २.८वाली, तिची दुसरी आवृत्ती.

हातात घेताच वजन कळलं. किट लेन्स २९५ ग्रॅमची, ही ५४०ची. वरातीत दोन तास गळ्यात अडकवली की मान बोलायला लागते. शिवाय जुने ५५चे फिल्टर गेले अडगळीत, हिला ६७चे लागतात. खर्चाचं हे शेपूट दुकानात कुणी आधी सांगत नाही.

पण मंगलाष्टका सुरू झाल्या आणि पैसे वसूल व्हायला लागले. अंतरपाटाच्या वेळी आपली जागा ठरलेली असते: एका अंगाला गुरुजी, दुसऱ्या अंगाला करवल्या आणि मधल्या फटीत आपण. झूम सत्तरच्या पुढे, अपर्चर २.८, आणि आयएसओ १६००. म्हणजे उजेड चौपट. नवरीच्या पापणीवर अडकलेला अक्षतेचा एक तांदूळ मागच्या स्क्रीनवर स्वच्छ दिसला, आणि मागे खुर्च्यांवर बसून मोबाइल बघणारे पाहुणे धूसर झाले. पाहुण्यांवर एवढा उपकार पुरे.

हा उजेड फुकट नाही. ७५वर, दोन मीटरवरून, २.८ला जेमतेम १२ सेंटीमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. नवरीवर फोकस असताना तिच्या खांद्यामागे उभा असलेला मामा मऊ पडणारच, आणि आमच्याकडे मामा धूसर आला तर अल्बम परत येतो. घरच्यांच्या ग्रुपला मी मुकाट्याने ५.६वर जातो. महागाची लेन्स घेऊन तिथं जुन्याच आकड्यावर काम करायचं, हे ऐकून नव्या पोरांना हसू येतं. हसू दे.

मेंदीच्या फोटोंचीही एक गंमत आहे. २८वर ही लेन्स १८ सेंटीमीटरवरून फोकस करते, पण ते अंतर सेन्सरपासून मोजतात. प्रत्यक्षात लेन्सचं तोंड हाताच्या इतकं जवळ जातं की मेंदीवर आपलीच सावली पडते. त्यापेक्षा ७५वर घेऊन ३८ सेंटीमीटरवर थांबलं की नक्षी सावलीशिवाय येते, आणि पोरगीही हात मागे घेत नाही.

अडचण होते ती घरात. गावातल्या जुन्या वाड्यांतल्या खोल्या अरुंद. हळदीला दहा बायका नवरीभोवती बसल्या की पाठ भिंतीला टेकवूनही २८मध्ये कडेची एखादी काकू कापली जाते. ‘‘भाऊ, म्या आले का?’’ असं ती विचारतेच. तिथं २४ हवी होती. मुदगलला गोदावरीच्या काठावर उभं राहून प्री-वेडिंग करायचं तर मात्र २८ भरपूर होते. नदी कुठं पळून जात नाही, आणि मागं सरकायला जागा आहे.

दिवसाउजेडी साई जन्मस्थान मंदिराबाहेर नवरा-नवरीचे फोटो काढले. २०२०च्या जानेवारीत जन्मस्थानावरून शिर्डीशी वाद पेटला तेव्हा टीव्हीवर सारखं हेच मंदिर दिसायचं. तिथं उन्हात ८वर काढलेले नव्या आणि जुन्या लेन्सचे फोटो शेजारी-शेजारी ठेवले, तर घरच्यांना फरक ओळखता आला नाही. मलाही कोपरे मोठे करून पाहिल्यावरच कळला. दिवसाचीच कामं करणाऱ्याने किट लेन्स बदलायची घाई करू नये, असं माझं मत झालंय.

जुनी विकली नाही. तिच्यात स्टॅबिलायझर आहे, नव्या लेन्समध्ये नाही. माझ्या बॉडीतच तो असल्याने मला चालतं. पण वरातीचं व्हिडिओ शूटिंग करणाऱ्या पोराकडे ए-सिक्स्टी-फोर-हंड्रेड आहे, त्या बॉडीत तो नाही. म्हणून किट लेन्स त्याला दिली. त्याच्या लहान सेन्सरवर ती ४२-१०५सारखी वागते, घोड्यावरचा नवरदेव लांबूनही नीट सापडतो. गल्ली अरुंद लागली की मात्र तो खिशातली १६-५० काढतो.