गाडीविना फाईल
माझ्यापाशी सॅन स्टॉर्मची जाडजूड फाईल आहे. गोव्यात तयार झालेली ही दोन आसनांची, उघड्या टपाची स्पोर्ट्‌स कार १९९८ साली आली. अंग फायबरग्लासचं, इंजिन रेनोचं. माहितीपत्रक, जाहिरातींची कात्रणं, सगळं पंच करून क्रमवार लावलंय. बँकेतली खोड, दुसरं काय!

"आणि गाडी?" सौभाग्यवतीनं विचारलं.

गाडी नाही. पण सरकारी नियमानं पन्नास वर्षांची गाडी व्हिंटेज ठरते. म्हणजे २०४८ साली. तेव्हा कागदांसाठी मालक माझ्याच दारी येणार!

"तेव्हा तुम्हीही सत्तरीचे. तुमचे स्वतःचे कागद कुठायत?"

त्या रात्री पासबुकं हुडकली. नॉमिनी म्हणून अजून आईचंच नाव होतं. आई जाऊन नऊ वर्षं झाली.

आता दुसरी फाईल उघडलीय. क्रमांक एक.